सोनेरी स्टिकर

बक्षीस समारंभ संपल्यावर कोट परत घ्यायच्या रांगेत हेस्टरपुढे दोघं जण होते. चरित्राचं बक्षीस मिळालेले गेथिन आणि कवितेचं मिळालेल्या अ‍ॅव्हरिलबाई. पाच विभागांतल्या पाच विजेत्यांतून वर्षाचं एकच सर्वोत्तम पुस्तक निवडायचं, आणि तो मान नुकताच मुलांच्या गोष्टींना गेला होता. हेस्टरला ऐकायचं नव्हतं, पण रांग हलत नव्हती.

"जिंकूनसुद्धा हरलो बुवा आपण."

"तुमचं पुस्तक निदान दुकानात तरी आहे."

"आता तुमचंही दिसेल की! विजेत्याचं सोनेरी स्टिकर लावून."

"स्टिकर आलेत. हे बघा, पर्समध्ये गठ्ठाच आहे. पुस्तक नाहीये."

"म्हणजे?"

"खपत नाही म्हणून गोदामातल्या सगळ्या प्रती गेल्या महिन्यात लगद्याला गेल्या. प्रकाशकाच्या एका खात्यानं पुस्तक स्पर्धेला पाठवलं, दुसऱ्यानं रद्दीत."

"काय माणसं आहेत! पण पुन्हा छापतील ना?"

"कविता छापणंच बंद करतायत. आत्ता जेवताना सांगितलं, पुडिंग खाता खाता."

"आणि तुमच्याकडच्या प्रती?"

"त्याच तर परीक्षकांना दिल्या. एक तेवढी ठेवली होती."

"मग ती जपा, बाई."

"जपलीय. डेन्झिलच्या हातात ठेवली, मगच शवपेटी बंद करू दिली. लेक माझा. त्याच्या आजारपणातल्याच कविता ना सगळ्या."

रांग पुढे सरकली. गेथिन जागचे हलले नाहीत.

"मग... हे स्टिकर?"

"उद्या जातेय त्याच्याकडे. कबरीच्या दगडावर लावीन एक. टिकायचं नाही म्हणा, तिकडे पाऊस फार."