कॅप्टनच्या सात पिढ्या

दिल्लीत द्वारकेच्या मेट्रोत माझ्या शेजारी एक काका-काकू मराठीत बोलत होते. काकांच्या मांडीवर जाडजूड फाइल होती.

"अगं, लंडनच्या त्या बाईंना आज मेल टाकतो. त्यांच्या त्या पूर्वजाच्या, कॅप्टनच्या, सात पिढ्या शोधून पूर्ण झाल्या. रिटायरमेंटनंतरची तीन वर्षं सार्थकी लागली."

"अहो, गुरुजींचा मेसेज आलाय. उद्याच्या श्राद्धाला नावं हवीत."

"सांगतो. हा कॅप्टन सतराशे ऐंशीत इकडे आला. आजोबा पाद्री, बाप लोकरीचा व्यापारी. त्याच्या घोडीचंसुद्धा नाव मिळालं मला, डचेस!"

"वडील, आजोबा, पणजोबा लिहिले. सासूबाईही लिहिल्या. तुमची आजी?"

"रमा. पण एका गोष्टीचा फार संताप येतो यार. त्याच्या मृत्युपत्रात मुलांची नावं आहेत, नोकरांची आहेत. आणि मुलांच्या आईबद्दल काय, तर 'एक देशी बाई'. बस! चार मुलं झाली तिच्यापासून, आणि नाव लिहायला शाई नव्हती?"

"बिल्कुल बरोबर. पणजी?"

"काय?"

"तुमची पणजी. गुरुजी थांबलेत. नाव काय तिचं?"

"सगळे मोठी आईच म्हणायचे."

"ते नाव नाही हो."

"संग्रामला विचार."

"विचारलं. भाऊजी म्हणाले, घरातला इतिहास दादा बघतो."

एक स्टेशन येऊन गेलं. काकांनी फाइलची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"चलो, लिही मग."

"काय लिहू?"

"पणजोबांची बायको."