सहीपुढचा ठिपका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे ज्यांच्या हातची छडी इथल्या निम्म्या लोकांनी खाल्ली आहे ते आमचे मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई, आणि समोर बसलेली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

उभं राहून बोलायची मला सवय नाही. सत्तावीस वर्षं मी डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या लॅबमध्ये रक्त काढते आहे. तिथं माझं बोलणं म्हणजे ‘मूठ आवळा’, ‘सोडा’ आणि ‘कापूस दाबून धरा’, एवढंच. संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. त्यांची सात होतील. सरांनी घंटा वाजवू नये, ही विनंती.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांच्या हातगुणाबद्दल सांगितलं. मी त्यांच्या अक्षराबद्दल बोलणार आहे. डॉक्टरांचं अक्षर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे; वाचलं मात्र फक्त मी आणि औषधवाल्याने. (बाई हसताहेत, म्हणजे घरीही तीच परिस्थिती आहे.) वरून पेशंट चिठ्ठी घेऊन जिना उतरायचा आणि चिठ्ठीवर लिहिलेल्या तपासण्या मी करायची. पण काही चिठ्ठ्यांवर सहीच्या पुढे एक ठिपका असायचा. आज दवाखाना बंद होतो आहे, म्हणून त्याचा अर्थ सांगते. डॉक्टर, तुमची परवानगी मी कालच घेतली आहे.

ठिपका म्हणजे या माणसाचं पिणं वाढलंय अशी शंका आहे, यकृताची एक जास्तीची तपासणी करा. आणि दुसरं म्हणजे, हा रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा नाही. तो वर डॉक्टरांकडे जाईल. डॉक्टर पेशंटला बोलावून, दार लावून, स्वतः बोलतील. चिठ्ठी बायको वाचते, मुलगी वाचते, शेजारी वाचतो. तेव्हा लिहायचं काही नाही, फक्त ठिपका.

आता घरी जाऊन जुन्या चिठ्ठ्या काढू नका. बरेचसे ठिपके गळक्या पेनाचेही होते.

या तपासणीचं एक सांगायला हवं. सतत पिणाऱ्याच्या रक्तात तो आकडा पुष्कळदा वाढतो. पुष्कळदा, नेहमी नाही. आणि न पिणाऱ्याचाही वाढतो. आपले शिंपीकाका, समोरच बसले आहेत, त्यांनी हा किस्सा सांगायला सांगितलंय. त्यांचा आकडा तिप्पट आला. डॉक्टरांनी दार लावून विचारलं, “किती होते रोजची?” काका म्हणाले, “चार कप. पण बिनसाखरेचा.” शेवटी निघालं की फिटच्या गोळ्यांमुळे आकडा वाढला होता. त्यानंतर महिनाभर काका डॉक्टरांचे कपडे शिवताना बाही मुद्दाम आखूड ठेवत होते म्हणे.

हसलात, बरं वाटलं. पुढचं हसण्यासारखं नाही.

माझा मोठा भाऊ पाट्या रंगवायचा. दवाखान्याच्या दारावरची निळी पाटी त्याचीच. दादाचं सगळं कसब शिरोरेषेत होतं. दोरी नाही, पट्टी नाही, श्वास धरायचा आणि एका दमात डावीकडून उजवीकडे. तो म्हणायचा, “अक्षर कुणीही काढेल गं, त्याला छप्पर सरळ घालता आलं पाहिजे.” पुढे डॉक्टरांनी संध्याकाळची वेळ बदलली, तेव्हा पाटीची शेवटची ओळ रंगवायला दादा पुन्हा आला. उद्या पाटी उतरवण्याआधी नीट बघा. वरच्या सगळ्या ओळी ताठ आहेत. शेवटच्या ओळीची शिरोरेषा थरथरली आहे.

आम्हा घरच्यांना ती दिसली नाही. डॉक्टरांना दिसली. त्यांनी दादाला म्हटलं, “वर्षभरात रक्त तपासलं नाहीस, ये एकदा.” दादा चिठ्ठी घेऊन खाली आला, बाही वर केली आणि म्हणाला, “जपून टोच. लहानपणीचे हिशेब काढू नकोस.” मी चिठ्ठी हातात घेतली. सहीपुढे ठिपका होता.

दुपारी मी तपासणी केली. खात्री वाटेना म्हणून पुन्हा केली. दोन्ही वेळा आकडा मर्यादेत आला. मला किती हलकं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. त्या वेळी आमच्याकडे रबरी शिक्का होता, जांभळ्या शाईचा, ‘नॉर्मल’. मी तो दाबून मारला, खाली सही केली. आणि रिपोर्ट वर न्यायच्या ऐवजी पर्समध्ये घालून दादाच्या घरी गेले. नियम वाईट बातमीसाठी आहे, ही तर चांगली बातमी, असं मी स्वतःला सांगितलं.

दादाने रिपोर्ट दोन्ही हातांनी धरला. वहिनीला हाक मारली, “ये, वाच! सारखी टुमणं लावतेस ना? सरकारी नाही, सख्ख्या बहिणीचा शिक्का आहे!”

वहिनी म्हणाली, “मग हात का कापतात?”

“थंडीने.”

थंडी नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना आकडा सांगितला. ते म्हणाले, “ठीक. आकडा काहीही असो, मला त्याच्याशी बोलायचंय. रिपोर्ट कुठंय?” मी म्हटलं, घरी दिला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, आता तो येणार नाही.”

तो आला नाही. डॉक्टरांनी तीनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः दादाच्या दुकानात जाऊन आले. दादाचं उत्तर ठरलेलं होतं: “सगळं नॉर्मल आहे, डॉक्टर. कागद आहे माझ्याकडे.” तो कागद त्याच्या पाकिटात होता. घडीवर फाटला, तेव्हा त्याने मागून चिकटपट्टी लावली.

चौदा महिन्यांनी दादा पोटात दुखून हॉस्पिटलमध्ये गेला आणि चौथ्या दिवशी वारला. स्वादुपिंडाला सूज होती. दारूनेच, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

आपले डॉक्टर भेटायला आले. घर माणसांनी भरलेलं होतं. आमच्या मामांनी त्यांना दारातच गाठलं. “रक्त तपासून निर्वाळा दिलात ना तुम्ही? मग कसा गेला आमचा पोरगा?” डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मग ते मामांना म्हणाले, “माझं चुकलं.”

मी पाणी दिलं. बोलले नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं लोक म्हणत राहिले की पाटीवाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. काही घरांनी डॉक्टर बदलला. त्यांतले काही जण आज इथं आहेत. मी रोज वर रिपोर्ट घेऊन जायची, ते ‘ठेवा’ म्हणायचे, आणि मी खाली यायची. अकरा वर्षांत या विषयावर आम्ही बोललो ते एकदाच. दादाला जाऊन महिना झाला होता. ते स्वतः जिना उतरून लॅबमध्ये आले आणि म्हणाले, “यापुढे ठिपका नाही. मी माणसाला विचारायचं टाळून त्याच्या रक्ताला विचारत होतो.” जाताना जांभळा शिक्का उचलला. “आणि ‘नॉर्मल’ लिहू नका, ‘आकडा मर्यादेत’ लिहा. आपण आकड्याबद्दल लिहितो, लोक माणसाबद्दल वाचतात.”

तेव्हापासून डॉक्टर तुम्हा प्रत्येकाला झोप विचारायचे, भूक विचारायचे आणि त्याच आवाजात दारू विचारायचे. तुमच्यापैकी काही जण चिडला होतात. एक आजी तर म्हणाल्या होत्या, “तुम्ही पाजणार असाल तर सांगा!” पण काही जण चिडले नाहीत. खुर्चीत बसून रडले, आणि आज समोर बसले आहेत. मी त्यांच्याकडे बघत नाही.

डॉक्टर, मान हलवू नका. मला संपवू द्या.

गेल्या रविवारी मी हे सगळं वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मला ठाऊक होतं. रिपोर्टवर तुझी सही होती, डॉक्टरांची नव्हती.” मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तू बोलशील म्हणून थांबले.” आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मामा आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं.

म्हणून आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगते. पाटीवाल्याचं पिणं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, सगळ्यांच्या आधी, एका रेघेवरून. मधे मी आले.

संयोजकांनी मला बोलायला दिलं, सरांनी घंटा वाजवली नाही, आणि तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. डॉक्टर आणि बाई, तुम्हाला पुढचे दिवस निवांत जावोत.

भाषण संपवताना बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. बोलण्यात झालं नसावं, मी हे चार वेळा वाचून आले आहे. जे झालं ते त्या दिवशी, तांब्या हातात असताना, न बोलण्यात झालं. डॉक्टर, त्याची क्षमा असावी.