खातेदाराला फोन द्या

माणूस गेल्यावर त्याच्या नावावरचं इंटरनेट कुणाचं होतं? सांगा की. काकांना विचारलं, शेजारच्या वकीलबाईंना विचारलं, सगळे माझ्याकडे असे बघतात जसं मलाच काहीतरी झालंय... अहो, दादा जाऊन महिना नाही झाला, मी सरळ विचारतोय, सरळ सांगा ना.

तुम्हाला सांगतो, दादाची एक टोळी होती. ऑनलाइन गेम खेळणारी. एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही, पण रोज संध्याकाळी हेडफोन लावून शिव्या मात्र पोटभर. त्यांचा निरोप आला, रविवारी दादासाठी एक डाव खेळतोय, त्याच्या जागी कुणीतरी बसा. आई म्हणाली, "मला त्यांचे आवाज ऐकायचेत. तो त्यांच्याशी हसायचा तसा आपल्याशी कुठे हसायचा?"

मग काय, मी गप्प बसणार?

पण ज्या दिवशी दादाला नेलं, त्या दिवशी मामाने पायात येते म्हणून दादाची वायर उपटलेली, आणि राउटरचा दिवा लाल दिसतोय म्हणून मागची बारीक कळ टाचणीने दाबलेली. दादाने लावलेलं सगळं पुसलं. दुःखात माणसाला काहीतरी दाबावंसं वाटतं, मान्य, पण तीच कळ?

राउटर बाहेर, गेमचा डबा दादाच्या खोलीत. म्हटलं, डबा बाहेर आणतो. आई म्हणे, "तिथलं काही हलणार नाही." मग वायर दारातून नेतो. "दार मला लावून बसायचं असतं." बाबा म्हणे, "भिंतीला हात लावायचा नाही."

लावला. ड्रिल मागून आणलं, घुसवलं, भोक पडलं, पण पलीकडे दिसेना. दादाच्या खोलीत जाऊन भिंतीचं कपाट उघडतो तर बाबांचा कोट, दादा मुलाखतींना घालायचा तो, पाठीत आरपार. बाबा आले. बघितलं. "डोकं गहाण ठेवलंयस का रे?" म्हणाले, आणि खाली बसून वायर कोटात घेतली, बाहीतून बाहेर काढली. "अशी ने. वाकणार नाही."

गेम लागला, टोळीची नावं दिसली, आवाज येईना. कंपनीला फोन. बाई गोड आवाजात, "सर, आवाजाची वाट आमच्याकडून उघडावी लागेल. खातेदाराला फोन द्या."

"ते नाहीत."

"कधी येतील?"

आता काय सांगू हिला?

पुन्हा लावला, दुसरा माणूस, तेच, खातेदाराला फोन द्या. वर म्हणतो, खातेदार वारले असतील तर आधी कनेक्शन बंद होईल, मग नवीन अर्ज. बंद? दादाच्या नावाचं? हात लावून दाखव म्हटलं. दादा गेला, दादा गेला, गावभर सांगून जीभ झिजली माझी, यांना नाही सांगणार, जा.

तिसऱ्यांदा लावला. "खातेदाराला फोन द्या." बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस. घसा साफ केला.

"बोलतोय."

जन्मतारीख विचारली. ती त्यांना पाठ होती.

आवाज आले. आईने हेडफोन लावला, मी शेजारी कान चिकटवला. कुणीतरी म्हणालं, "काकू, तुमचा मुलगा एक नंबरचा रड्या होता हो." आई हसली. मी दादाच्या जागी खेळलो आणि पहिल्याच मिनिटात आउट झालो, टोळीने मला दादाच्याच शिव्या घातल्या.

इतक्यात फोन वाजला. सेवा कशी वाटली विचारायचंय, खातेदाराला फोन द्या. आईने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. बाबांनी मान खाली घातली.

काय करता...

"बोलतोय," म्हटलं. "चांगली वाटली."