विरळ झाडोरा

(बेंगळुरू. धरणाच्या सुनावणीनंतर, कचेरीसमोरची चहाची टपरी. देवाप्पा खानापूरकडच्या रानातल्या वाडीतून आलेला. पवित्रा त्याची भाची, महादेवपुऱ्यातल्या एका सर्व्हे कंपनीत नोकरीला. वसुमती वाडीची वकील.)

देवाप्पा: चहा घे आदी. निवतोय.

पवित्रा: मामा, मला रागवा तरी.

देवाप्पा: काय बोलू? एवढ्या माणसांम्होरं उठून सांगितलंस, 'धरणाच्या रिपोर्टावर सही माजी हाय आन् रिपोर्ट खोटा हाय.' मी खाली मान घालून बसलो.

पवित्रा: तुम्हाला आजवर खरंच कळलं नव्हतं?

देवाप्पा: कळलं नसंल कसं? वाडीच्या बैठकीत मास्तरानं शेवटचं पान वाचलं. तुजं नाव आलं तसं सगळ्यांनी माज्याकडं बगितलं. मी म्हटलं, बेंगळुरात त्या नावाच्या पन्नास पोरी असतील. देवळात बसून म्हटलं गे.

पवित्रा: मला फोन करायचात.

देवाप्पा: तू करायचास.

पवित्रा: दोन दिवस रान चालून झाडं मोजायची होती. ओढ्याला पाणी आलं, जीप पलीकडे जाईना. सर म्हणाले, वरच्या बाजूचं जुन्या नकाशावरून भरू. डेडलाइन होती. मी टाइप केलं, 'विरळ झाडोरा. वस्ती नाही.'

देवाप्पा: वस्ती न्हाई.

पवित्रा: हो.

देवाप्पा: त्या ओढ्यावरनं हाक मारली असतीस तर तुज्या मामीला ऐकू आली असती.

पवित्रा: माहीत होतं मला. पण तुम्ही धरणाविरुद्ध बसलेले. नातं कळलं असतं तर मला प्रोजेक्टवरून काढलं असतं. पहिलाच होता माझा.

देवाप्पा: आन् रान? दरसाल मे महिना तिथंच काढायचीस. भर दुपारी ऊन भुईला लागत न्हाई तिथं. रानजायफळाच्या मुळ्यांवर बसून जेवायचीस. विरळ म्हणं!

पवित्रा: म्हणून तर आज आले, मामा. चार महिने धड झोप नाही.

देवाप्पा: आमाला तरी कुठं हाय.

वसुमती: अण्णा, सरका स्वल्प, बसू द्या. पाय गेले उभं राहून.

देवाप्पा: काय म्हणाले आत, अक्का?

वसुमती: तो रिपोर्ट बाजूला ठेवला त्यांनी. तीन महिन्यांत नवा सर्व्हे, वाडीची माणसं बरोबर घेऊन. पवित्राचा जबाब लिहून घेतला म्हणूनच झालं बघा.

देवाप्पा: म्हंजे धरण थांबलं?

वसुमती: धरण तेवढं थांबलं, तीन महिने. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याची परवानगी वेगळी आहे म्हणतात. त्यासाठीची झाडतोड चालूच राहणार.

देवाप्पा: अक्का, रस्ता रानातनंच जातोय की!

वसुमती: ठाऊक आहे, अण्णा. कोर्टात स्टे मागते. पण कुठलं झाड कुठं उभं आहे, त्याची यादी पाहिजे, फोटोसकट. पंधरा दिवसांत. तुम्हाला झाडं ठाऊक, मला कायदा. यादी कोण करणार?

पवित्रा: मी करते.

वसुमती: ऑफिस सोडून?

पवित्रा: मघाशीच मेसेज आला. उद्यापासून येऊ नका म्हणून.

वसुमती: अय्यो!

देवाप्पा: तुज्या आईला ठाऊक हाय हे?

पवित्रा: सकाळी सगळं सांगूनच निघाले. ताट तसंच ठेवून उठली ती.

वसुमती: सरी, ठीक आहे. तुम्ही दोघं बोला. मी कागदावर शिक्का घेऊन येते.

देवाप्पा: वाडीतली माणसं तुला सोडायची न्हाईत, पवी. शेजारच्या परसूच्या आईनं तर रिपोर्टातल्या त्या नावाच्या बाईला रोज शिव्या घातल्यात. घोटभर पाणीबी कोणी देणार न्हाई.

पवित्रा: नको देऊ देत. मी झाडं मोजायला येते.

देवाप्पा: मीबी खोटं बोललोय त्यांच्याशी. आता मलाबी ऐकून घ्यावं लागणार.

पवित्रा: मग मी राहू कुठं?

देवाप्पा: माज्याच घरी. दुसरं कोण घेणार तुला?