मानवी वावर

नको, मॅडम, लॅपटॉप नका उघडू, मीच सांगते— बसा ना, तिथं नको, ती खुर्ची डुगडुगते, पलंगावर बसा— तुम्ही दारातच ‘मानवी वावर’ म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं. खाडीकाठच्या त्या जागेत तिवरं लावलीत, माणसांनी आत जायचं नाही, झाडांना कॅमेरे बांधलेत, त्यात यायला हवेत कोल्हे आणि आलीत माणसं. एक बाई, एक बाप्या, परत परत. आणि तिथला गार्ड कोण, तर माझा नवरा. म्हणजे तुमच्या रिपोर्टात हे गेलं की मितेशचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. बरोबर ना? बरोबरच. म्हणून सांगते, ती बाई मी. बाप्या मितेश. लग्नाची नवराबायको आहोत हो, तसलं काही समजू नका.

मी बोलत नाही फारशी. सगळं शिरवणे गाव म्हणतं, मितेशची बायको मुकी आहे— पण बोलणार कुठं, तुम्हीच बघा, ही एक खोली. पलंगावर आई-पप्पा, म्हणजे माझे सासू-सासरे, खाली नणंद प्राची, तिची बारावी, ती मोठ्यानं वाचते, आणि किचनमध्ये फ्रिज आणि ओट्याच्या मधे आम्ही दोघं. रात्री मितेश कानात काही म्हणाला की पलंगावरून आई विचारतात, “काय म्हनतो तो?” मी कळंबोलीची, ट्रकांच्या हॉर्नमध्ये वाढलेय, आवाजाचं मला काही नाही. पण नवरा काय म्हणाला ते सासूला परत सांगायचं— नाही जमत.

आणि तुम्हाला जागा सुधारली की नाही तेच बघायचंय ना? मग मला विचारा. माझ्याएवढं बारीक कुणी बघितलं नसेल. मी कॉलेजात होते तेव्हा मितेशनं पहिल्यांदा दाखवली होती ती— नुसतं डेब्रिज, फुटके संडास, टाइल्सचे तुकडे, आणि मधे ही गुडघ्याएवढी तिवरं. मी तोंडानं म्हटलं छान आहे, मनात म्हटलं काही उपयोग नाही. आता खांद्याएवढी झालीत. खाली बसलं की रस्त्यावरून दिसत नाही. तुमची फुटपट्टी वेगळी असेल, माझी ही. पाच नंबरचा तुकडा मात्र विरळ आहे, तिथं भरतीचं पाणीच पोचत नाही, सगळं उघडं— लिहून घ्या पाहिजे तर, पाच नंबर नापास.

आणि कोल्हे आहेत, मॅडम. एक तर रोज संध्याकाळी येऊन समोरच बसतो, टक लावून. मितेश म्हणतो त्याला भूक लागलीय, मला तो प्राचीसारखा वाटतो, हलतच नाही. मग फोटोत कसा नाही? कसा असेल, आम्ही गेलो की मितेश आधी कॅमेऱ्यावर आपली टोपी— पाणी घ्या ना. टोपी? कसली टोपी? हो, म्हटलं मी टोपी.

पण थांबा— कॅमेऱ्यावर टोपी होती, तर आम्ही आलो कसे त्यात?

पहाटेचे फोटो? पहाटे आम्ही नसतो. पहाटे मी डबे करते. उघडा तो लॅपटॉप, फिरवा बघू इकडे. मोठं करा.

हा पप्पांचा स्वेटर आहे.

आणि या आई. आई मॉर्निंग वॉकला जातात, मॅडम, गुडघ्यांसाठी. पप्पा दूध आणायला. वेगवेगळे निघतात हो, घरात तर बोलतसुद्धा नाहीत, सगळं प्राचीच्या मार्फत— “तुज्या बापाला सांग, मासली आनायची हाय”— आणि इथं बघा. हात धरलाय. कोणी कोणाचा धरलाय हा? त्यांनीच धरलाय, आईंनी. आणि हसतायत. त्यांना हसताना मी अजून बघितलं नव्हतं, दात छान आहेत. गेटची चावी खुंटीवर मितेशच्या पॅंटच्या खिशात असते, तो रोज म्हणतो चावीला चिखल कुठून लागतो. मी म्हणते तूच वेंधळा.

मितेशला नका दाखवू हे. तो आईंना विचारेल, आणि त्या जायच्या बंद होतील, आणि परत प्राचीच्या मार्फत. असं करा, आम्ही दोघं बंद करतो. खरंच. संध्याकाळी टोपी नाही, कॅमेरा मोकळा, कोल्हा येईल, त्याचा फोटो लावा रिपोर्टाला पहिल्या पानावर, मितेशचं काम राहील. आम्ही बघू आमचं, फ्रिजचा आवाज असतो थोडा. पण आई-पप्पांना जाऊ नका म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू? पाखरांचं कसं लिहिता तुम्ही— पहाटे एक जोडी आढळली, जागेत रुळलेली? तसंच लिहा. कसली जोडी ते नका लिहू.

चपला वाजतायत, मिटा तो लॅपटॉप.

या, आई. नाही, काही नाही, मॅडम पाणी प्यायला थांबल्या होत्या. निघाल्याच आहेत.