उभ्या गाडीचं डिझेल

आदरणीय अध्यक्ष, प्रवासी मंडळाचे दाजी मयेकर. व्यासपीठावरील एसटी आगाराचे अधिकारी. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते हेड मेकॅनिक सत्यवान केळुसकर आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी आनंदीवहिनी. कामगार बंधू-भगिनींनो, आणि पाट्या दाराशी ठेवून आत आलेल्या माझ्या मासळीवाल्या मैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

निरोपाच्या सभेत तक्रारदारालाच बोलायला उभं करायचं धाडस आपलं आगारच करू जाणे. आमची शाळा आगाराच्या भिंतीला लागून. मुलं सकाळची प्रार्थना खोकत म्हणायची, म्हणून मुख्याध्यापिका या नात्यानं मी अर्जांवर अर्ज केले. सत्यवान ते वाचायचे आणि म्हणायचे, "बाईनू, गाडी ती. उदबत्तीसारखो वास खंयसून येतलो?" मला राग यायचा. थोडा अजूनही आहे.

दोन वर्षांपूर्वी, २००७ साली, एका कंपनीनं विजेवर चालणारी छोटी बस आठ दिवसांच्या चाचणीसाठी आणली. गावाला डिझेलची गाडी परवडते की विजेची, याचा अहवाल सत्यवानांनी द्यायचा होता. मी म्हटलं, झालं. तीस वर्षं ज्याचे हात डिझेलनं माखले, तो विजेच्या बाजूनं कशाला बोलेल?

पण यांनी काय करावं? कंपनीचे साहेब मोकळी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून खूश होते. यांनी ती खाली किनाऱ्यावर तोंडवलीला नेली, येताना मासळीच्या पाट्यांसकट बायका भरल्या आणि भर चढावर थांबवून पुन्हा सुरू केली. गाडी चढली. त्या बायकांतल्या आमच्या विमलाताई तेवढ्या नाराज. "आवाजच नाय. मगे लोकांका कळतला कसा, आमी इलंव ता?"

आता विजेचं ऐका. तेव्हा भारनियमन रोज आठ-आठ तास. गाडी चार्ज व्हायची जनरेटरवर, आणि जनरेटर पितो डिझेल! सत्यवान स्वतः लिटरच्या मापानं ते ओतत होते. लाइनवर चार्ज केली तर किलोमीटरचा खर्च डिझेलच्या निम्म्याहून कमी. जनरेटरवर केली तर जवळजवळ डिझेलच्या गाडीएवढाच, शिवाय तीन वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या त्या वेगळ्या. मी विचारलं, निदान धूर तरी नाही ना? तर म्हणाले, "आसा, बाईनू. जनरेटराचो हयसर, वीज करतत त्या कोळशाचो खंय तरी लांब. तो आमका दिसणा नाय, इतक्याच."

अहवाल एका पानात संपला असता. वीज पुरेशी नाही, सध्या डिझेलच बरं. टाळ्या पडल्या असत्या, आणि जवळजवळ ठरलेली फोरमनची बढतीही मिळाली असती.

यांनी दुसरं पान लिहिलं. तुलना करायची तर डिझेलचाही हिशेब खरा हवा की नको? त्या पानावर होतं, की सकाळी अकरा गाड्या पाऊण-पाऊण तास उभ्याउभ्या सुरू असतात, कारण बंद केल्या तर धक्का मारल्याशिवाय लागत नाहीत. बॅटऱ्यांची टोकं खाऱ्या हवेनं खाल्लेली, स्टार्टर दमलेले. हे डिझेल एकाही प्रवाशाला पाऊलभर पुढे नेत नाही, शाळेत मात्र रोज पोचतं. आधी ते थांबवावं, वीज पुरेशी झाली की ही बस पुन्हा बोलवावी. शेवटी लिहिलं, "ही देखभाल माझ्या हाताखाली होती. दोष माझा." आणि सही.

स्वतःविरुद्ध असा कागद कोण लिहितं हो? मी तरी लिहिला नसता.

त्यानंतर सहा महिने ते एकेका गाडीच्या मागे लागले. एका सकाळी प्रार्थना संपली आणि कुणीच खोकलं नाही. मला वाटलं, आगारात संप आहे. भिंतीवरून डोकावले, तर अकराही गाड्या गप्प उभ्या, आणि सत्यवान एकेकीचा स्टार्टर मारून, ती लागते हे पाहून, पुन्हा बंद करत होते.

बढती गेली. मेमो आला, चौकशी झाली. (साहेब, तुमच्या आधीच्या अधिकाऱ्यांची गोष्ट आहे, आपण निर्धास्त बसा.) मी आनंदीवहिनींना विचारलं, वाईट वाटत असेल? त्या म्हणाल्या, "वायट कित्याक? खोटा लिवन फोरमन झाले असते, तर माका तोंड लपवचा लागला असता." मला या दोघांचा अभिमान वाटतो, आणि तो असा माइकवर सांगायला मिळतोय याचाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला ठाऊक नाही. त्या चौकशीत वरिष्ठांनी शाळेला पत्र पाठवून विचारलं होतं, धूर कमी झाला का? 'हो, झाला' एवढं एका ओळीचं उत्तर सत्यवानांच्या बाजूनं पुरे होतं. तक्रारी करताना मी कुणाला विचारलं नव्हतं. या एका ओळीसाठी मात्र शिक्षणसंस्थेची परवानगी मागत बसले. ती आली तोवर निकाल त्यांच्याविरुद्ध लागला होता. सत्यवानांना हे माहीत आहे. त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आयोजकांची आणि आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. ती एक ओळ वेळेवर न लिहिल्याची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. सत्यवान, ती तुमच्याकडे मागते.