हजेरीची सही

टाळकरी दादा, जरा हात थांबवा. मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग आख्यान. आपण कुणाला ढकललं नाही, कुणाला वाईट बोललो नाही, फक्त न वाचता एक सही केली — आणि त्या सहीनं कुणाचे तरी हाल झाले. तर ते पाप कोणाचं?

खाली बघायला लागलात. म्हणजे सह्या सगळ्यांनी केल्यात.

ऐका तर. सुयोगनगरात मालनताई वेदपाठक राहायच्या. निवृत्त नर्स. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. एका रविवारी रहिवासी संघाची सभा भरली. दारातच वही ठेवलेली — आधी हजेरीची सही, मग चहा आणि बटाटेवडा. मालनताईंनी सत्ताविसाव्या ओळीवर सही केली. सभा दोन तास चालली. भटकी कुत्री, पाण्याचा दाब, गतिरोधक. गतिरोधकावरून तर अशी जुंपली, की वाटावं यांच्या गल्लीतून विमानंच धावतात.

आणि गुरुवारी कोपऱ्यावर जेसीबी आला. तिथं पालिकेचं बायकांचं शौचालय होतं. दोन खोल्या, एक नळ. दुपारपर्यंत तिथं नुसता विटांचा ढीग.

"कोणी सांगितलं हे पाडायला?" मालनताईंनी मुकादमाला विचारलं.

"बाई, तुम्हीच की." त्यानं कागद दाखवला. वर अर्ज — दुर्गंधी येते, सबब शौचालय हटवावं. खाली त्रेचाळीस सह्या. सत्ताविसावी त्यांची.

हजेरीचं पान, मंडळी! फाडलं आणि अर्जाला जोडलं. अहो, मी सातवीतली पोर. शाळेत मी रोज 'हजर' म्हणते, म्हणून माझी गणितं सुटली असं बाई धरतात का?

मालनताई तडक संघाचे सचिव उपळेकर यांच्याकडे गेल्या. ते झोपाळ्यावर.

"सिस्टर, बसा ना. चहा टाकायला सांगू?"

"तुमच्या चहानंच घात केला. सभेत हा विषय निघाला होता का?"

"विरोध तरी कोणी केला?"

"विषयच निघाला नाही, तर विरोध कसा करणार?"

"तेच म्हणतोय मी. विरोध नव्हताच. आणि तुमच्या घरात दोन-दोन शौचालयं, तुम्हाला काय फरक पडतो?"

फरक कुणाला पडला ते सांगते. रस्ता झाडणाऱ्या फुलाबाईला. शनिवारी ती मालनताईंच्या फाटकापाशी बसलेली दिसली, अंगात कापरं भरलेलं. मालनताईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नको सिस्टर. सहाला घर सोडते, एकला परत. पाणी प्यालं की जायचं कुठं?"

"परवापासून पाणी नाही प्यालीस?"

"घरी पिते की. रातच्याला."

कपाळाला हात लावला, तर ताप. लघवीला आग. नर्स होत्या त्या, काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. औषध दिलं, आणि मान खाली घालून म्हणाल्या, "त्या कागदावर माझीपण सही आहे गं."

फुलाबाई म्हणाली, "असू द्या. तुम्हांला कोण सांगितलं नसंल."

ती भांडली असती तर बरं झालं असतं, मंडळी. हे तिचं समजून घेणं मालनताईंना तापल्या सुईसारखं टोचलं.

पुढच्या रविवारी त्या सभेत उभ्या राहिल्या. हातात अर्जाची प्रत. एकेकाचं नाव घेऊन विचारलं, "तुम्ही ही मागणी केली होती? हो की नाही, एवढंच सांगा."

माजी मुख्याध्यापक नरगुंदे चाचरले, "मी आपली वड्यासाठी सही केली."

लोक हसले. मालनताई हसल्या नाहीत. बेचाळीस 'नाही' झाले. उरले उपळेकर.

"मी संघाच्या वतीनं —"

"हो की नाही, उपळेकर?"

"...हो."

बाकी बेचाळीस जणांनी आपलं नाव आपल्या हातानं खोडलं. पालिकेच्या साहेबानं 'शौचालय परत बांधा' असा नवा अर्ज घेतला. म्हणाला, बांधून देतो, पण दोन महिने लागतील.

झालं? संपलं आख्यान? टाळ्या वाजवू नका. त्या दोन महिन्यांत फुलाबाई कुठं गेली, हे तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मालनताईंनी फाटक उघडलं. "फुलाबाई, ये. आतलं वापर." ती पायरीशी थबकली. झाडू भिंतीला टेकवला, पाय पदरानं पुसायला लागली. "आत येऊ? खरंच?" चाळीस वर्षांची बाई, लेकीबाळींची आई, आणि एवढ्यासाठी परवानगी मागते! मालनताईंनी तिचा हात धरून तिला आत नेलं.

नाव खोडायला बेचाळीस जण पुढं आले होते. दार किती जणांनी उघडलं? एकीनं. बाकीचे लोक मोठे भले, सज्जन. देवळात रोज येतात, तुमच्यासारखे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. उद्या सकाळी तुमच्या दारासमोर झाडूचा आवाज येईल. बाहेर या. तिचं नाव विचारा. आणि प्यायला पाणी देण्याआधी तिला सांगा — बाई, आमच्याकडे आत जागा आहे.